लेसर लायडार आणि वरचे वातावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायडार म्हणजे काय आणि त्याने वरच्या वातावरणाचा अभ्यास कसा होतो?

लायडार हे लेसरच्या साहाय्याने दूरच्या हवेची मोजमापे घेणारे उपकरण आहे. जमिनीवरून लेसरचा अत्यंत अल्पकालीन स्पंद आकाशात सोडला जातो. वाटेत येणारे हवेचे रेणू, सूक्ष्म कण आणि अणू त्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश निरनिराळ्या दिशांना विखुरतात, म्हणजे त्याचे प्रकीर्णन करतात, आणि त्यातला जो भाग पुन्हा खाली येतो तो दुर्बिणीच्या आरशाने गोळा करून मोजला जातो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असल्यामुळे, स्पंद सुटल्यापासून किती वेळाने प्रकाश परतला यावरून तो कोणत्या उंचीवरून आला हे कळते. १०० किलोमीटरवरून परतणाऱ्या प्रकाशाला सुमारे ६६७ मायक्रोसेकंद लागतात, आणि घड्याळातला एक मायक्रोसेकंद म्हणजे उंचीतले १५० मीटर. परतलेल्या प्रकाशाच्या प्रमाणावरून त्या उंचीवरील हवेची किंवा विशिष्ट अणूंची घनता काढता येते. लेसरची वारंवारता अत्यंत काटेकोरपणे ठरवलेली असेल, तर तापमान आणि वाऱ्याचा वेगही मिळतो.

‘वरचे वातावरण’ म्हणजे नेमकी कोणती उंची?

येथे प्रामुख्याने ३० ते ११० किलोमीटर हा पट्टा अभिप्रेत आहे. त्यात स्थितांबराचा वरचा भाग, साधारण ५० किलोमीटरपासून सुरू होणारे मध्यांबर आणि त्यावरील थर्मोस्फिअरचा तळ येतो. ५० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जवळपास एक हजारांश, तर ८० किलोमीटरवर सुमारे एक लक्षांश उरतो. इतक्या विरळ हवेतही वारे वाहतात, भरती-ओहोटीसारख्या दैनंदिन लाटा उठतात, ढग बनतात आणि रासायनिक क्रिया चालू असतात.

फुगे, अग्निबाण आणि उपग्रह असताना लेसरची गरज काय?

हवामानाचे फुगे सामान्यतः ३० ते ३५ किलोमीटरवर फुटतात. उपग्रहांना मध्यांबरात फिरता येत नाही, कारण तेथील हवा श्वासासाठी नगण्य असली तरी कक्षेत टिकू न देण्याइतकी दाट असते. संशोधन अग्निबाण या पट्ट्यातून प्रत्यक्ष जातात, पण काही मिनिटांतच खाली येतात, आणि रोज रात्री अग्निबाण सोडणे कोणालाच परवडत नाही. उपग्रहांवरून दुरून मोजमाप करता येते. डिसेंबर २००१ मध्ये सोडलेल्या ‘टाइम्ड’ उपग्रहावरील ‘सेबर’ या उपकरणाने मध्यांबराच्या तापमानाची बहुमोल माहिती दिली आहे. तरीही उपग्रह एका ठिकाणावरून क्षणभर जातो आणि पुढे निघतो, त्यामुळे त्याच जागी पुढच्या दहा मिनिटांत काय घडले हे त्याला सांगता येत नाही. लायडार मात्र एकाच ठिकाणच्या हवेकडे रात्रभर पाहत राहते आणि काही मिनिटांच्या अंतराने, शेकडो मीटरच्या बारकाव्याने, तिच्यातील बदल नोंदवते. वातावरणातील लाटा समजून घ्यायच्या असतील तर हे सातत्य अपरिहार्य आहे. उपग्रहाच्या नोंदी आणि लायडारच्या नोंदी एकमेकींना पूरक आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कोणत्याही एकीवर पूर्ण विसंबू नये असे माझे मत आहे.

ही पद्धत केव्हापासून वापरात आहे?

प्रकाशझोताने वरच्या हवेची घनता मोजता येईल, ही कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. १९३० साली ई. एच. सिंज यांनी शक्तिशाली शोधदीपांचा असा उपयोग सुचवला होता आणि पुढे १९५० च्या दशकात एल. एल्टरमन यांनी शोधदीपांनीच स्थितांबराची मोजमापे घेतली. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला, आणि त्यानंतर तीनच वर्षांत, १९६३ मध्ये, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जॉर्जो फिओको आणि लुई स्मलिन यांनी रुबी लेसर वापरून ६० ते १४० किलोमीटर उंचीवरून परतलेल्या प्रकाशाची नोंद प्रसिद्ध केली. १९६९ मध्ये ब्रिटनमधील बोमन, गिब्सन आणि सँडफर्ड यांनी सोडियमच्या तरंगलांबीशी जुळवलेल्या लेसरने वातावरणातील सोडियम मोजले. १९८० मध्ये अॅलँ ओशकोर्न आणि मारी-लीझ शानँ या फ्रेंच संशोधकांनी हवेच्या घनतेवरून तापमान काढण्याची पद्धत मांडली, आणि आजही जगभर मूलतः तीच पद्धत वापरली जाते.

९० किलोमीटरवरून प्रत्यक्षात किती प्रकाश परत येतो?

या विषयातील सर्व अडचणी आणि सर्व कौशल्य या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून हा हिशेब सावकाश करून पाहण्यासारखा आहे.

समजा, ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या लेसरचा एक ज्यूल ऊर्जेचा स्पंद आपण वर सोडला. त्यात २७ या आकड्यापुढे १७ शून्ये लिहिल्यावर होईल साधारण तितके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, असतात. ९० किलोमीटरवरील एक किलोमीटर जाडीच्या थरातून जाताना त्यांपैकी सुमारे २३ कोटींमागे एक फोटॉन, मागच्या दिशेने एक स्टेरेडियन एवढ्या घनकोनात, म्हणजे शंकूसारख्या विस्तारात, विखुरला जातो. खाली ठेवलेला एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा आरसा तेथून पाहिला, तर तो एका स्टेरेडियनचा जेमतेम ८०० कोटीवा भाग व्यापतो. गुणाकार-भागाकार केल्यावर उत्तर येते ते दर स्पंदामागे एक-दोन फोटॉन. त्यातलाही काही भाग खालच्या हवेत, आरशांत आणि फिल्टरांत नाहीसा होतो आणि प्रकाशसंवेदक उरलेल्यांपैकी काहींचीच दखल घेतो. त्यामुळे प्रत्यक्ष मोजणीत दहा-वीस स्पंदांमागे एखादाच फोटॉन पदरात पडतो.

लेसर सेकंदाला ३० स्पंद सोडत असेल, तर तासाभरात १ लाख ८ हजार स्पंद होतात आणि त्या एका किलोमीटरच्या थरातून पाच ते दहा हजार फोटॉन जमा होतात. मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता मोजणीत राहतेच; म्हणजे दहा हजार फोटॉनांमागे शंभराची, एक टक्क्याची. ही अनिश्चितता निम्मी करायची असेल तर चौपट वेळ थांबावे लागते किंवा लेसरची शक्ती आणि आरशाचे क्षेत्रफळ मिळून चौपट करावे लागते. लायडारच्या क्षेत्रात मोठ्या आरशांसाठी आणि शक्तिशाली लेसरसाठी इतका आग्रह का असतो, ते यावरून कळेल.

मग जवळच्या हवेतून येणारा प्रकाश संवेदकाला त्रास देत नाही का?

देतो, आणि फार देतो. ३० किलोमीटरवरून येणारा प्रकाश ९० किलोमीटरवरून येणाऱ्या प्रकाशाच्या जवळपास पन्नास हजार पट असतो आणि त्याखालून येणारा त्याहूनही अधिक. एकेक फोटॉन मोजणारी प्रकाशगुणक नळी अशा झोताने काही काळ निकामी होते आणि नंतरही खोटे संकेत देत राहते. म्हणून अनेक केंद्रांवर दुर्बिणीच्या नाभीजवळ वेगाने फिरणारी खाचेची चकती बसवलेली असते. लेसरचा स्पंद सुटतो तेव्हा चकती वाट अडवते आणि प्रकाश ठरावीक उंचीच्या वर गेल्यावरच वाट मोकळी करते. शिवाय परतलेला प्रकाश विभागून त्याचा थोडा भाग खालच्या उंचीच्या संवेदकाकडे आणि मोठा भाग वरच्या उंचीच्या संवेदकाकडे पाठवला जातो.

केवळ घनता मोजून तापमान कसे काढतात?

रेणूंनी केलेले प्रकीर्णन, म्हणजे रॅले प्रकीर्णन, हवेच्या घनतेच्या प्रमाणात असते. हवेचा प्रत्येक थर त्याच्यावरील हवेचे वजन पेलून धरतो हा एक नियम, आणि दाब, घनता व तापमान यांना जोडणारे आदर्श वायूचे समीकरण हा दुसरा. या दोहोंच्या आधारे सापेक्ष घनतेच्या आलेखावरून तापमान मिळते. येथे निरपेक्ष घनता माहीत असण्याची गरज पडत नाही, आणि ही या पद्धतीची मोठी सोय आहे.

गणना वरून खाली केली जाते आणि सर्वांत वरच्या बिंदूचे तापमान गृहीत धरावे लागते. ते गृहीतक चुकीचे असले तरी खाली येताना त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो, कारण खालच्या हवेचे वजन वरच्या हवेच्या तुलनेत फार मोठे असते. तरीही वरचे १० ते १५ किलोमीटर सावधगिरीने वाचावे लागतात. साधारण ३० किलोमीटरच्या खाली मात्र ही पद्धत तशीच वापरता येत नाही, कारण तेथे रेणूंच्या जोडीला धूलिकण आणि गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंबही प्रकाश विखुरतात आणि घनता फसवी दिसते. ज्वालामुखीच्या मोठ्या उद्रेकानंतर ही मर्यादा आणखी वर सरकते.

इतक्या उंचीवर सोडियम कोठून येते, आणि ते मोजून काय साधते?

पृथ्वीवर सतत कोसळणारी अंतराळातील धूळ वातावरणाशी घर्षण होऊन तापते आणि तिच्यातील धातू अणुरूपात हवेत मिसळतात. त्यामुळे साधारण ८० ते १०५ किलोमीटरच्या दरम्यान सोडियम, लोह, पोटॅशियम, कॅल्शियम अशा धातूंचे थर कायम असतात. त्याखाली हे अणू रासायनिक क्रियांनी संयुगांत बांधले जातात, तर वर त्यांचे मोठ्या प्रमाणावर आयन होतात. म्हणून मुक्त अणूंचा हा पट्टा मधल्या उंचीवरच आढळतो.

सोडियमचा थर सुमारे ९० किलोमीटरवर सर्वांत दाट असतो, पण तेथेही एका घन सेंटिमीटरमध्ये काही हजारच अणू असतात, म्हणजे हवेच्या हजारो कोटी रेणूंमागे सोडियमचा एक अणू. तरीही तो लायडारला ठळक दिसतो. लेसरची तरंगलांबी सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या रेषेशी, म्हणजे त्याचे अणू शोषतात त्या ठरावीक तरंगलांबीशी, तंतोतंत जुळवली की अणू तो प्रकाश शोषून लगेच पुन्हा उत्सर्जित करतो, आणि अनुस्पंदनाची ही क्रिया साध्या रेणवीय प्रकीर्णनापेक्षा इतकी प्रबळ असते की अणूंची टंचाई भरून निघून वर मोठा फायदा उरतो. लोहासाठी ३७२, पोटॅशियमसाठी ७७० आणि कॅल्शियमसाठी ४२३ नॅनोमीटरची रेषा वापरतात. कॅल्शियमचा आयनही ३९३ नॅनोमीटरवर मोजता येतो आणि त्यामुळे विद्युतभारित व भाररहित कणांची सांगड घालण्याची दुर्मीळ संधी मिळते.

या थरांमधून तीन गोष्टी हाती येतात. अंतराळातून रोज किती धूळ येते याचा अंदाज बांधता येतो. वेगवेगळ्या पद्धतींचे याबाबतचे अंदाज दिवसाला काही टनांपासून काही शे टनांपर्यंत विखुरलेले आहेत आणि धातूंच्या मोजणीने त्यांना लगाम बसतो. थरांचे वर-खाली होणे पाहून लाटांचा माग काढता येतो. आणि तिसरी, बहुधा सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तापमान आणि वारा, कारण रॅले पद्धतीचा जोर ९० किलोमीटरच्या आसपास संपतो आणि नेमका तेथेच सोडियम आपल्या मदतीला येतो.

कधी कधी मूळ थरात एक-दोन किलोमीटर जाडीचा अतिशय दाट उपथर काही मिनिटांत उभा राहतो. ब्राझीलमधील साओ जोसे दोस कांपोस येथील संशोधकांनी १९७८ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि अशा थरांच्या निर्मितीवर अजूनही गंभीर संशोधन चालू आहे.

सोडियमच्या अणूंवरून तापमान आणि वारा कसा कळतो?

अणू जितके तापलेले, तितकी त्यांची धावपळ अधिक आणि तितकी त्यांची शोषणरेषा रुंद. हवा एकसंधपणे लायडारकडे किंवा त्यापासून दूर जात असेल तर संपूर्ण रेषा एका बाजूला सरकते. म्हणून लेसर आळीपाळीने तीन वारंवारतांवर चालवतात: रेषेच्या मध्याजवळ, त्याच्या सुमारे ६३० मेगाहर्ट्‌झ वर आणि तितक्याच खाली. तिन्हींच्या प्रतिसादांची गुणोत्तरे घेतली की रेषेची रुंदी आणि तिचे सरकणे, म्हणजेच तापमान आणि वारा, एकाच वेळी मिळतात.

यासाठी लागणारी अचूकता समजून घेतली पाहिजे. वाऱ्याच्या वेगात सेकंदाला एक मीटरचा फरक पडला तर वारंवारता सुमारे १.७ मेगाहर्ट्‌झने बदलते, आणि मूळ वारंवारतेच्या तुलनेत हा बदल ३० कोटींत एक एवढाच असतो. लेसर स्वतःच इतका भरकटला तर वाऱ्याची नोंद निरर्थक ठरेल. म्हणून प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत सोडियमची वाफ ठेवून, तिच्या अत्यंत अरुंद वर्णपटीय खुणेशी लेसरची वारंवारता सतत बांधून ठेवली जाते. शंभर किलोमीटरवरचे अणू आणि टेबलावरच्या नळीतले अणू एकाच मूलद्रव्याचे असल्यामुळे मोजपट्टी बाहेरून आणावी लागत नाही.

लेसरचा हिरवा किरण आकाशात मध्येच संपल्यासारखा का दिसतो?

तो कोठेही संपत नाही. यंत्राजवळ उभे राहून पाहिले असता किरणाचा दूरचा भाग आपल्या दृष्टीला डोक्यावरच्या एकाच बिंदूकडे मिटत जाताना दिसतो. पहिल्या काही किलोमीटरनंतरचा उरलेला सर्व प्रवास त्या बिंदूच्या अगदी लगत दाटलेला असतो. त्यात वरची हवा विरळ असल्यामुळे तेथून डोळ्यांपर्यंत पोहोचणारा प्रकाशही नगण्य असतो.

दिवसा मोजमाप करता येते का? ढगाळ हवेत?

दाट ढगांतून नाही. लायडारची ही मर्यादा कायमची आहे आणि म्हणूनच निरभ्र रात्री अधिक असलेली ठिकाणे निवडली जातात.

दिवसाचे मोजमाप कठीण असले तरी शक्य आहे. दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र लेसरच्या झोताइतकेच अरुंद ठेवतात आणि अतिशय अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावतात. सोडियमसाठी चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या सोडियमच्याच वाफेचा फॅरडे फिल्टर विशेष उपयोगी पडतो. निसर्गाचाही येथे हातभार लागतो: सूर्याच्या बाह्य थरांतील सोडियम आणि लोह नेमक्या याच तरंगलांबींचा प्रकाश शोषतात, त्यामुळे सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तेथे काळ्या रेषा असतात आणि आकाशाची पार्श्वभूमी त्या जागी थोडी मंद असते. चोवीस तासांची नोंद मिळू लागल्यावरच वातावरणातील दैनिक व अर्धदैनिक लाटा नीट वेगळ्या करता आल्या. केवळ रात्रीच्या नोंदींवरून काढलेले त्यांचे आकडे नेहमी संशयानेच पाहावेत.

या सर्व प्रयत्नांतून आजवर कोणते ज्ञान मिळाले?

पृथ्वीच्या वातावरणातील सर्वांत थंड जागा ध्रुवीय प्रदेशाच्या वर, सुमारे ८५ ते ९० किलोमीटरवर आहे, आणि ती भर उन्हाळ्यात सर्वांत थंड असते: उणे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास. चोवीस तास सूर्यप्रकाश असताना असे का व्हावे? याचे उत्तर गुरुत्व तरंगांत आहे. पर्वत, वादळे आणि वाऱ्यांचे झोत यांच्यामुळे उठणाऱ्या या लाटा वर जातात आणि हवा विरळ होत गेल्यामुळे त्यांचा विस्तार शेकडो पटींनी वाढू शकतो. शेवटी त्या फुटतात आणि आपला संवेग तेथील वाऱ्यांना देतात. या धक्क्याने उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे हवेचा मंद प्रवाह सुरू होतो, उन्हाळी ध्रुवावर हवा वर चढते आणि प्रसरण पावून गारठते. लायडारच्या तापमान-आलेखांत या लाटांच्या शिखरांच्या तिरप्या पट्ट्या तासागणिक खाली सरकताना स्पष्ट दिसतात, तर त्यांची ऊर्जा त्याच वेळी वर जात असते.

त्याच अतिथंड हवेत सुमारे ८३ किलोमीटरवर बर्फकणांचे निशादीप्त ढग बनतात. त्यांची पहिली विश्वसनीय वर्णने १८८५ ची आहेत. १९८९ साली नॉर्वेतील आन्देया बेटावरून ते प्रथम लायडारने टिपले गेले. तेथील अॅलोमार वेधशाळेने एकाच वेळी अनेक तरंगलांबी वापरून या बर्फकणांचा आकार मोजला आणि तो काही दशक नॅनोमीटरांचा असल्याचे दिसले.

अंटार्क्टिकातील मॅकमर्डो येथे शिनझाओ छू यांच्या गटाने २०११ मध्ये लोहाच्या अणूंचे थर १५५ किलोमीटरपर्यंत पोहोचल्याचे प्रसिद्ध केले. तेथे मुक्त लोह असेल अशी अपेक्षाच नव्हती. माझ्या दृष्टीने गेल्या काही दशकांतील हा या क्षेत्रातला सर्वांत उत्साहवर्धक शोध आहे, कारण त्यामुळे थर्मोस्फिअरमधील भाररहित हवेचे तापमान जमिनीवरून मोजण्याची वाट उघडली.

याहून वर लायडार पोहोचू शकते का?

होय. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी १०८३ नॅनोमीटरच्या लेसरने उत्तेजित अवस्थेतील हेलियमचे अणू काही शे किलोमीटर उंचीवर मोजून दाखवले. या पद्धतीचा विकास अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे.

हवामानबदलाच्या अभ्यासात याचा काय उपयोग?

कार्बन डायऑक्साइड वाढल्याने जमिनीलगतची हवा तापते, तर वरचे वातावरण थंड होते, कारण विरळ हवेत हा वायू उष्णता अवकाशात टाकण्याचे काम करतो. ही घट हळूहळू होणारी आहे आणि तिच्यावर सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्राचा चढउतार स्वार झालेला असतो. दोहोंना वेगळे करायचे तर एकाच ठिकाणची अनेक दशकांची अखंड नोंद हवी. फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अशी नोंद ठेवली जात आहे. नवी यंत्रे उभारण्यासाठी निधी मिळतो, पण जुने यंत्र तसेच, त्याच पद्धतीने चालू ठेवण्यासाठी तो मिळवणे कठीण असते. मध्येच तुटलेली नोंद नंतर कितीही पैसा ओतून जोडता येत नाही, हे निर्णय घेणाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

अशी केंद्रे कोठे आहेत?

वर आलेल्या ठिकाणांखेरीज जर्मनीतील क्युलुंग्सबोर्न, चिलीतील सेरो पाचोन आणि हवाईमधील मौना लोआ ही महत्त्वाची नावे आहेत. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात केंद्रे तुलनेने कमी असल्याने आंध्र प्रदेशातील गदंकी येथील लायडारच्या नोंदींना विशेष मोल आहे.

उपग्रहावरच लायडार का बसवत नाहीत?

बसवले आहेत, पण बहुतांशी खालच्या वातावरणासाठी. २००६ मध्ये सोडलेल्या ‘कॅलिप्सो’ने ढग आणि धूलिकण पाहिले. २०१८ ते २०२३ या काळात ‘इओलस’ने ३५५ नॅनोमीटरच्या लेसरने सुमारे ३० किलोमीटरपर्यंतचे वारे मोजले. मध्यांबरासाठी अडचण तीच, फोटॉनांची. जमिनीवरचे यंत्र तासभर एकाच हवेकडे पाहून प्रकाश साठवू शकते, तर उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे जातो.

विमानांना किंवा पक्ष्यांना या लेसरचा धोका असतो का?

झोताजवळून थेट डोळ्यांत प्रकाश गेला तर धोका नक्कीच असतो. म्हणून केंद्रे हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संमतीने चालतात, आणि अनेक ठिकाणी विमान जवळ येताच लेसर आपोआप बंद करणारी रडार किंवा कॅमेऱ्याची यंत्रणा असते. झोत वाढत्या उंचीबरोबर पसरतो, आणि ९० किलोमीटरवर त्याचा व्यास काही मीटरपासून काही दशक मीटरपर्यंत झालेला असतो.

लायडारचा आलेख प्रथमच वाचणाऱ्याने काय पाहावे?

आधी किती वेळाची सरासरी घेतली आहे आणि उंचीचे विभाजन किती आहे ते पाहावे. एका तासाची सरासरी असेल तर दहा मिनिटांच्या लाटा त्यात पुसल्या गेलेल्या असतात. नंतर त्रुटीपट्ट्या, म्हणजे मोजणीतील अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा, कोठून रुंद होऊ लागतात ते पाहावे, कारण वरच्या टोकाला दिसणारी आकर्षक वळणे बहुधा तेथील मोजक्या फोटॉनांची आणि गृहीत धरलेल्या सुरुवातीच्या तापमानाची देणगी असतात. रॅले आणि सोडियम अशा दोन्ही पद्धतींचे आलेख एकत्र दिले असतील तर ८० ते ९० किलोमीटरच्या सामाईक पट्ट्यात त्या किती जुळतात हे अवश्य तपासावे.